आजीचं सूप

लाडके,

परवा फोनवर आजीने टाळ वाजवत भजन म्हटलं आणि फोन ठेवताच तू विचारलंस, "आपण ख्रिस्ती, मग आपल्या भजनाला अभंगाची चाल कशी? आणि ती चालत असेल, तर शाळेत सांगतात की आपल्या मनाला वाटतं तेच आपलं सत्य, ते का चालत नाही?" मी पोळ्या लाटता लाटता काहीतरी उत्तर दिलं. ते मलाच पटलं नाही, म्हणून हे पत्र.

अगं, अभंग आपल्याला परका नाहीच. आजीच्या उपासनासंगीतात, म्हणजे त्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात, कितीतरी गीतं कवी ना. वा. टिळकांची आहेत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पलीकडे पोचल्यावर त्यांनी तो पूल पाडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत मांडली होती.

पण मला तुला पंडिता रमाबाईंबद्दल सांगायचंय. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेही त्या शाकाहारीच राहिल्या. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस पुढे आला, तेव्हा त्यांनी विचारलं, लॅटिनच कशाला, संस्कृत का नको? तुझ्यासारख्याच परदेशात होत्या, आणि तरी विचारलं! दुसरीकडे, विधवांना जी वागणूक मिळत होती ती आपलीच रीत म्हणून त्यांनी पोटाशी धरली नाही. त्यांच्यासाठी त्यांनी शारदासदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. आपलं काय ठेवायचं, काय सोडायचं आणि गोऱ्यांचं काय नाकारायचं, हे त्या बायबलच्या वचनापुढे बसून ठरवत होत्या.

येशूचा प्रेषित पौल, त्यानेही अथेन्समध्ये तेच केलं. गावभर मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला, पण बोलायला उभा राहिल्यावर त्याने त्यांच्याच कवींची ओळ घेतली: आपण देवाचा वंश आहोत. तेवढं त्यांचं खरं होतं, म्हणून घेतलं. पुनरुत्थानाची गोष्ट काढल्यावर काही जण हसले, तरी ती त्याने गाळली नाही.

आता तुझी शाळा. मागच्या वर्षी तू गप्प गप्प झाली होतीस, तेव्हा मी नुसतं "प्रार्थना कर" म्हणत राहिले. समुपदेशक बाईंनी तुला दुःख शब्दांत सांगायला शिकवलं. ते शहाणपण आजच्या जगाचं, आणि मी त्यासाठी देवाचे आभार मानते. नंतर बायबलमधलं बेचाळिसावं स्तोत्र उघडलं, तर तिथे भक्त स्वतःच्या जिवालाच विचारतोय, तू का खिन्न झालास? इतकी वर्षं वाचूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

पण "माझ्या मनाला वाटतं तेच सत्य" हे मला घेता येत नाही. मन कपटी असतं, असं यिर्मया संदेष्टा म्हणतो. त्या गप्प दिवसांत तुझं मन तुला काय सांगत होतं, आठव. आपण कुणालाच नको आहोत, असं. ते सत्य होतं का गं? मनात आलेलं बोलायचं जरूर, पण त्याच्यावर शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाचा तरी असू दे, ज्याने तुला घडवलं त्याचा.

नगरला आजी ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडायची. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल सांगतो, "त्याच्या हातात त्याचे सूप आहे." सूप हा शब्द वाचला की मला आजीचे हातच दिसतात. झटका बसला की फोल उडायचं, दाणे सुपातच राहायचे, आणि खडे ती बोटांनी वेचायची. त्याला वेळ लागायचा.

रविवारी आजीला परत फोन लावू. तिची भजनांची जुनी वही तिने काढून ठेवलीय. चाल तू धर, टाळ मी धरते.

तुझी,
आई