मराठी माणसाचा धर्म कोणता?

प्रिय मनू,

तुझा निबंध वाचला. "सहा धर्म शिकलो, पाच समजले. सहावा आमच्या घरातला आहे म्हणतात, पण पान वाचून तो दुसऱ्याच कुणाच्या घरातला वाटला." ही सुरुवात बदलू नकोस, बाईंनी लाल पेन लावलं तरी. त्याखाली पेन्सिलीने माझ्यासाठी लिहिलेला प्रश्नही वाचला: आई, मराठी लोकांचा धर्म कोणता? डबा भरता भरता सांगून संपेल असा हा प्रश्न नाही, म्हणून बसून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आजीला फोन लाव, तिला तेवढंच निमित्त.

आधी तुझ्या पुस्तकाबद्दल. इंग्लंडमधल्या शाळांत धर्माचा तास १९४४च्या कायद्याने सक्तीचा झाला, आणि तेव्हा तो जवळजवळ ख्रिस्ती धर्माचाच असायचा. बाकीच्या प्रमुख धर्मांचीही दखल घ्या असं १९८८च्या कायद्याने सांगितलं. म्हणून तुझ्या हातात सहा धर्मांचं पुस्तक आलं. पण प्रत्येक धर्माला प्रश्न तेच: संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, श्रद्धा कोणत्या, सण किती. ख्रिस्ती धर्माला हे प्रश्न अंगच्या कपड्यासारखे बसतात. आपल्या पानावर मात्र लिहिणाऱ्याची ओढाताण झालेली दिसते. संस्थापक नाही, ग्रंथ एक नाही, मग ब्रह्मा-विष्णू-महेश, कर्म, पुनर्जन्म आणि दिवाळी एवढ्यावर पान भरलं. खोटं काही नाही त्यात. पण आपल्या देवघरात ब्रह्मदेव शोधून दाखव बरं!

आपल्या देवघरात आहेत ते टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले, बोटभर उंचीचे देव. घोड्यावर बसलेला तो खंडोबा, आपलं कुलदैवत, जेजुरीचा. चंपाषष्ठीला आपण तळी भरतो ना, तेव्हा ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाच जण मिळून ते उचलतात आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणतात. मागच्या खेपेला पाचवा म्हणून तू कड धरलीस आणि हळद तुझ्या शाळेच्या शर्टावर सांडली. सगळ्यात मोठा आवाज तुझ्या बाबांचा होता. बाबा देव मानत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. तुझ्या पुस्तकाच्या हिशोबात ते कुठल्याच पानावर बसणार नाहीत. आपल्याकडे मात्र कोणी त्यांना विचारलं नाही, की तुमची श्रद्धा नसेल तर ताम्हन सोडा. कुळाचा आचार आहे, पाच माणसं लागतात, त्यातले ते एक.

खंडोबाचंच आणखी एक सांगते, कारण हे कुठल्याही शालेय पुस्तकात यायचं नाही. त्याची एक बायको म्हाळसा, ती लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, ती धनगराची. दोघींची भांडणं लोकगीतांत चवीने गायली जातात. मुसलमान भक्तही त्याला मानत आले आणि मल्लूखान म्हणत आले. देव कुणाच्या घरचा जावई आहे यावरून आपल्याकडे बरंच काही कळतं.

आता वारी. तुझ्या निबंधात ती एका ओळीत आहे, "दरवर्षी लोक पंढरपूरला चालत जातात". तिला जास्त जागा दे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, असं सांगतात. देहूहून तुकोबांच्या पादुका निघतात, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या, आणि आषाढी एकादशीला सगळे पंढरपुरात पोचतात. मी एकदा दिंडीबरोबर थोडं चालले आहे. दोन गोष्टी डोळ्यांपुढून जात नाहीत. एक, वीणा. दिंडीतली वीणा जमिनीवर ठेवायची नसते. विणेकरी थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, आणि घालताना दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. दुसरी गोष्ट तीच, पण सगळीकडे चाललेली: भेटेल तो भेटेल त्याच्या पाया पडतो. माझ्यापेक्षा दुप्पट वयाचे आजोबा माझ्यापुढे वाकले तेव्हा मी दचकून मागे सरले. ते म्हणाले, "माउली, मागं नका सरू, तुम्हीही वाका की." आणि हो, देहूतून निघालेली तुकोबांची पालखी पहिल्यांदा थांबते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे अभंग-आरती होते आणि मग पालखी पुढे जाते.

हे वाचून तू लगेच लिहिशील, "आमच्याकडे सगळे धर्म गुण्यागोविंदाने राहतात." ते वाक्य घालू नकोस. खरं नाही.

चोखामेळा याच विठ्ठलाचा भक्त, अभंग लिहिणारा, चौदाव्या शतकातला. तो महार होता म्हणून त्याला देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्याची समाधी आज महाद्वारासमोर आहे, म्हणजे मेल्यावरही बाहेरच. लाखो लोक एकमेकांच्या पाया पडत ज्या देवळापर्यंत चालत गेले, त्याचा दरवाजा दलितांना उघडावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी. आपल्या घराण्यातल्या कुणालाही कधी त्या पायरीवर अडवलं गेलं नाही, म्हणून वारीबद्दल आपल्याला इतकं गोड बोलता येतं, हे लिहिताना ध्यानात असू दे.

गाडगेबाबांचं नाव तुला आजीने सांगितलंय, खराटावाले. ते कीर्तन करायचे म्हणजे प्रश्न विचारायचे. देवाला नैवेद्य दाखवता, खातो का तो? लोक म्हणायचे, नाही. मग त्याच्यापुढं बकरं का कापता? कर्ज काढून सण करायचा का? असा तासन् तास सवाल-जवाब. यात्रेकरूंना राहायला त्यांनी धर्मशाळा बांधल्या. अस्पृश्यांना पंढरपुरात टेकायला जागा नव्हती म्हणून त्यांच्यासाठी बांधली चोखामेळा धर्मशाळा, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांचा स्वतःचा धर्म तुझ्या सहातल्या कुठल्या पानावर लावशील? मला तर ठरवता येत नाही.

बाबासाहेबांवर मात्र तू अर्धंच पान लिहिलं आहेस आणि तेही बौद्ध धर्माच्या शेवटी, "भारतातही काही बौद्ध आहेत" अशा थाटात. पुस्तकातला फोटो तिबेटी भिक्खूंचा आहे, त्यामुळे तुझा दोष नाही. पण २०११च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यातले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे भारतातल्या चार बौद्धांतले तीन आपल्याकडचे.

बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० मध्ये सत्याग्रह सुरू केला. दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, ते माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर २१ वर्षं त्यांनी वाचलं, पारखलं, लोकांशी वाद घातला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला, विजयादशमीला, नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच कोणती ठाऊक आहे? ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. तुझ्या पुस्तकाचं हिंदू धर्माचं पान ज्या तिघांनी सुरू होतं, तेच तिघं. हे दोन्ही एकाच निबंधात शेजारी ठेवलंस, तर वर्गात दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काहीतरी तुझ्याकडे असेल. धर्म जन्माने मिळतो, तसा तो माणसं विचार करून सोडतात आणि निवडतातही. तुझ्या पुस्तकात 'धर्मांतर' हा शब्द फक्त ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या परिच्छेदात येतो.

मिशनऱ्यांवरून आठवलं. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मप्रचारकांच्या एका संघातला पाद्री) १५७९ मध्ये गोव्याला गेला. पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली होती, बाटलेल्या लोकांची पोथ्या-पुराणंही गेली होती, आणि त्यांना त्यांच्यावाचून चुकल्यासारखं होत होतं. मग या माणसाने बायबलच्या कथा मराठी ओव्यांत लिहिल्या, जवळपास अकरा हजार ओव्या, 'क्रिस्तपुराण' या नावाने. १६१६ मध्ये ते छापलं गेलं. मला हा माणूस आवडतो आणि त्याच्यामागची हकिगत आवडत नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

उरलेल्यांचं झटपट. शीख धर्माच्या पानावर लिही, की गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. शेजारच्या गुरुद्वारात हे सांगितलंस तर तुला दोन रोट्या जास्त वाढतील. इस्लामच्या पानावर श्रीगोंद्याचे शेख महंमद घाल, मुसलमान संतकवी, मराठीत लिहिणारे. सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंच ताबूत निघतात, तेही हिंदू-मुसलमान मिळून.

ज्यूंचं तर मुद्दाम लिही. कोकणात, रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायली लोक शतकानुशतकं तेलाच्या घाण्यावर काम करत होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, केहिमकर, नवगावकर. बायका नऊवारी नेसत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंसुद्धा केली, टाळ-बिळ सगळं. नवस फेडायला ते मलिदा करतात: गोड पोहे, वर खोबरं आणि फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाची. बहुतेक जण आता इस्रायलला गेले. तिथेही मराठी बोलणाऱ्या आज्या आहेत, आपल्या आजीसारख्याच नातवंडांना मराठीत रागावणाऱ्या.

तर, मराठी लोकांचा धर्म कोणता? तुझ्या पुस्तकातले सहाही, शिवाय जैन, जे पुस्तकात नाहीतच (वेरूळच्या ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशी तिन्ही आहेत, तो फोटो तुझ्याकडे आहे, लाव). शिवाय लिंगायत, महानुभाव, आणि तुझे बाबा. तुझ्या घरातला आचार कोणता असं विचारलंस तर टाक, तळी आणि आजीची एकादशी. तुला त्यातलं किती ठेवायचं ते तू मोठा झालास की ठरव, मी मोजदाद ठेवणार नाही.

बाईंनी सातशे शब्दांची मर्यादा घातली आहे म्हणतोस. कापायचंच झालं तर दिवाळीचा परिच्छेद काप, ती सगळ्यांना माहीत आहे. चोखोबा आणि नागपूर ठेव. आणि ताम्हनाचं चित्र काढणार असशील तर धरणारे हात पाच काढ, तू चारच काढलेत.

तुझी,
आई