गुडघा गेलेल्या रनिंग बॅकवर पुन्हा भरवसा टाकावा का?

अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर संपलाच का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, परतल्यानंतरच्या पहिल्या मोसमावरून निकाल लावू नका.

तेव्हा न्यूयॉर्क जायंट्स संघात असलेल्या सॅक्वॉन बार्कलीचं बघा. सप्टेंबर २०२० मध्ये शिकागोविरुद्ध त्याचं एसीएल (गुडघ्यातली हाडं जोडणारं एक लिगामेंट) फाटलं. २०२१ मध्ये परतला, तर दर धावेमागे सरासरी चार यार्डही मिळेनात. त्यात घोटा दुखावला. मला तेव्हा तो बचावात फट दिसली तरी क्षणभर थबकतोय असं वाटायचं. पाय बरा झाला तरी मनातली भीती उशिरा जाते, हे पाठदुखीतून परतलेला कुठलाही वेगवान गोलंदाज सांगेल. बऱ्याच चाहत्यांनी त्याला तेव्हाच मोडीत काढलं होतं. पुढे २०२२ मध्ये १,३१२ यार्ड, आणि जायंट्स सोडून ईगल्स संघाकडे गेल्यावर २०२४ मध्ये २,००५ यार्ड, वर सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद!

पण रॅम्स संघाचा रनिंग बॅक टॉड गर्ली विसरू नका. २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, २०१८ मध्ये चार वर्षांचा सहा कोटी डॉलरचा वाढीव करार, आणि मार्च २०२० मध्ये रॅम्सनी सोडून दिलं. त्याचा गुडघा आतून झिजत होता.

म्हणून मी आधी दुखापतीचा प्रकार बघतो. एकदाच फाटलेल्या लिगामेंटवर पैसे लावेन, झिजलेल्या सांध्यावर नाही. वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल तर करारही छोटाच.