तरतूद म्हणजे भरणा नव्हे

जालन्याहून एका भावानं विचारलंय की कंपन्यांच्या तिमाही निकालाच्या बातमीत "करापोटी अमुक कोटींची तरतूद" असं छापून येतं, तर तरतूद म्हणजे भरलेलाच टॅक्स का, आणि त्याच्यापेक्षा प्रावधान हा शब्द जास्त शुद्ध आहे का.

नाही, भरलेला टॅक्स नाही, हिशेबात धरून ठेवलेला टॅक्स. भरला त्याला भरणा म्हणतात, साधा शब्द आहे, पण शेअरबाजाराच्या ग्रुपवर दर तीन महिन्यांनी कोणीतरी निकालाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो "बघा एवढा टॅक्स भरला कंपनीनं", आणि माझं डोकं उठतं. बजेटमध्ये रस्त्याची तरतूद झाली म्हणजे डांबर पडलं असं मराठवाड्यात शेंबडं पोरगंही समजत नाही, मग कंपनीच्याच बाबतीत का समजता?

सोय, व्यवस्था, कायद्यातलं कलम हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो. मजा मुळात आहे. हा शब्द अरबी "तरद्दुद"चा, आणि त्याचा धातू र-द-द, म्हणजे परतवणं, मागं फिरवणं. आपला "रद्द" त्याच धातूचा! म्हणजे तरतूद आणि रद्द हे सख्खे भाऊ, आणि पेपरची "रद्दी" त्यांची बहीण. सरकारी कागदावर "तरतूद रद्द करण्यात आली" असं वाचलं की मला तर भाऊबंदकीच दिसते. तरद्दुद म्हणजे पुन्हा पुन्हा येणं-जाणं, हेलपाटे, त्यावरून मनाचे हेलपाटे, म्हणजे घालमेल, चिंता. उर्दूत आजही हाच अर्थ आहे, आणि आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा, कारभार उर्दूत, त्यामुळं जुन्या माणसांच्या कानावर हे दोन्ही शब्द असायचे, कचेरीत तरद्दुद नि घरात तरतूद.

आता चिंता हा अर्थ तयारीकडं कसा वळला? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. फारसी महसुली कागदांत तरद्दुद हा शब्द जमीन कसायच्या खटपटीला वापरायचे. रयतेनं तरद्दुद करावा म्हणजे नांगर, बैल, बियाणं बघावं, रानात खेटे घालावेत, जमीन पडीक ठेवू नये. मला वाटतं मराठी शेतकऱ्यानं चिंता तेवढी कागदावरच सोडली आणि पेरणीआधीची जुळवाजुळव उचलली. मधला "द्द" तोंडात बसेना म्हणून त्याचा "त" झाला. "तरणे"शी सांगड घालून "ज्यानं तरून जाता येतं ती तरतूद" असं कोणी सांगत असेल तर त्याला हात जोडावेत आणि पुढं जावं, असली व्युत्पत्ती चहाबरोबर ठीक आहे.

आणि गंमत बघा, तिमाही निकालातला टॅक्स अक्षरशः तरद्दुदच असतो, मागं-पुढं फेऱ्या. प्राप्तिकर वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, तीन महिन्यांवर नाही, पण शेअरबाजारावर नजर ठेवणारी सेबी म्हणते पहिल्या तीनही तिमाह्यांचे निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत द्या. मग कंपनी काय करते, तर इंड एएस ३४ ह्या हिशेबाच्या नियमाप्रमाणं अख्ख्या वर्षाचा अंदाज बांधते, वर्षभरात नफा किती, टॅक्स किती, त्यातून वर्षाचा सरासरी दर काढते आणि तोच दर तिमाहीच्या नफ्याला लावते. पुढच्या तिमाहीत अंदाज बदलला की दर बदलतो आणि मागचं उणंअधिक त्याच तिमाहीत निस्तरतात.

जालन्याचाच भाऊ आहे म्हणून बियाण्याची कंपनी घेऊ, समजा बरं का, खरी नाही. खरिपाची विक्री एप्रिल ते जूनमध्येच, पहिल्या तिमाहीत नफा १० कोटी, दुसरीत तोटा २ कोटी, तिसरीत तोटा १, चौथीत नफा १, वर्षाचे ८ कोटी. वर्षाचा टॅक्स २ कोटी २० लाख धरू, म्हणजे दर २७.५ टक्के. २२ टक्के दराचा पर्याय घेतलेल्या कंपनीला सरचार्ज-सेस धरून २५.१७ बसतो, मग इथं जास्त का, तर सीएसआर म्हणजे समाजकार्यावरच्या खर्चासारखे काही खर्च टॅक्ससाठी वजा होत नाहीत. पहिल्या तिमाहीत तरतूद झाली पावणेतीन कोटी. भरणा किती? अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे हप्त्यांनी आगाऊ भरायचा टॅक्स, १५ जूनपर्यंत वर्षाच्या १५ टक्के, म्हणजे ३३ लाख! दुसऱ्या तिमाहीत तर तरतूद उणे ५५ लाख दिसते, लोक विचारतात सरकारनं पैसे परत दिले का, अहो उलट १५ सप्टेंबरला ४५ टक्के पुरे करायला कंपनीनं आणखी ६६ लाख भरलेत. ह्याला भरणा म्हणायचं?

२० सप्टेंबर २०१९ ला सरकारनं वटहुकूम काढून २२ टक्क्यांचा पर्याय दिला तेव्हा तिमाही संपायला १० दिवस होते, ज्यांनी तो पर्याय घेतला त्यांना वर्षाचा अंदाज पुन्हा मांडावा लागला, वर जुन्या डिफर्ड टॅक्सची, म्हणजे पुढच्या वर्षांत भरायच्या किंवा वाचायच्या टॅक्सची, किंमतही नव्या दरानं बदलली. खरा तरद्दुद तो.

प्रावधान? तो हिंदी बातम्यांतून आलाय, मराठीला त्याची गरज काय हे मला कोणी सांगितलेलं नाही. मराठी कानाला त्यात अवधान ऐकू येतं, पैसा नाही. तरतूद अरबी म्हणून अशुद्ध म्हणणारे "तारीख", "वकील", "हिशेब" बोलताना जीभ धुतात का ते एकदा विचारा.

सीए मंडळींचा आक्षेप वेगळा आणि जरा वजनदार आहे. ते म्हणतात निकालाच्या तक्त्यात टॅक्स एक्सपेन्स, म्हणजे करखर्च, लिहिलेलं असतं, चालू आणि डिफर्ड असे दोन भाग, आणि प्रोव्हिजनचं जे इंड एएस ३७ आहे त्यातून प्राप्तिकर मुद्दाम वगळलाय, म्हणून तरतूद नाही, करखर्च म्हणा. नियमाच्या पुस्तकापुरतं मान्य. पण मराठी वाचणाऱ्याला खर्च म्हटलं की खिशातून गेले असंच वाटतं, म्हणजे पुन्हा भरलाच. आणि हेच सीए आपसात बोलताना "टॅक्सची प्रोव्हिजन किती धरली" म्हणतात की नाही ते त्यांच्या ऑफिसात बसून ऐका.