इसाओ ताकाहाता : स्वतः चित्रे न काढणारा ॲनिमेशन दिग्दर्शक

प्रश्न : ताकाहाता स्वतः चित्रे काढत नसत, असे ऐकले. मग ते दिग्दर्शन कसे करीत?

उत्तर : हे खरे आहे. १९३५ साली जन्मलेल्या ताकाहातांनी टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये ते तोएई या जपानी चित्रपट कंपनीच्या ॲनिमेशन स्टुडिओत रुजू झाले. पेन्सिल हाती नसल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट चित्रकारांना शब्दांत समजावून द्यावी लागे, आणि त्यासाठी ती आधी स्वतः बारकाईने पाहावी लागे. १९७४ च्या ‘हायडी’ या ५२ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेआधी त्यांनी सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला जाऊन तिथली घरे आणि डोंगर पाहिले. पात्र कुठे उभे राहील, मागे काय दिसेल, हे ठरवणारे लेआउट त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी काढत. भाकरी भाजणे, चीज वितळणे अशा साध्या कृतींना त्या मालिकेत जेवढा वेळ मिळाला, तेवढा तोवर क्वचितच कुणी दिला होता.

प्रश्न : त्यांचा पहिला चित्रपट फसला होता का?

उत्तर : तिकीटबारीवर फसला. १९६८ चा ‘होरुस’ ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा पूर्ण झाला आणि तोएईत त्यांना पुन्हा चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. १९७१ मध्ये मियाझाकी आणि ॲनिमेटर योइची कोताबे यांच्यासह त्यांनी ती संस्था सोडली.

प्रश्न : ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा युद्धविरोधी चित्रपट मानावा का?

उत्तर : स्वतः ताकाहातांना हे वर्णन मान्य नव्हते. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरचा हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. जून १९४५ मध्ये जपानमधील ओकायामा शहरावर बॉम्बहल्ला झाला तेव्हा नऊ वर्षांचे ताकाहाता त्या आगीतून वाचले होते, त्यामुळे पडद्यावरच्या आगीला अनुभवाचा आधार आहे. तरीही त्यांचे लक्ष सेइता या मुलाच्या निर्णयावर आहे : नातेवाईक बाईच्या घरातला अपमान सहन न होऊन तो धाकट्या बहिणीला घेऊन बाहेर पडतो आणि समाजाशी नाते तोडून दोघांपुरता संसार मांडू पाहतो. केवळ रडून थिएटरबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून हा निर्णय निसटतो, असे मला वाटते. पात्रांच्या बाह्यरेषा काळ्याऐवजी बहुतांशी तपकिरी ठेवल्यामुळे चित्राला एक वेगळा मऊपणा आला आहे, तोही पाहावा.

प्रश्न : १९९९ नंतर थेट २०१३ मध्येच त्यांचा पुढचा चित्रपट का आला?

उत्तर : १९९९ च्या ‘माय नेबर्स द यामादाज’मध्ये त्यांनी जिब्ली या आपल्या आणि मियाझाकींच्या स्टुडिओची भरगच्च शैली सोडून जलरंगासारखी, मोकळी कागदी जागा ठेवणारी चित्रे वापरली. त्यासाठी स्टुडिओला पूर्णपणे डिजिटल पद्धत स्वीकारावी लागली, पण व्यवसाय बेताचा झाला. २०१३ च्या ‘प्रिन्सेस कागुया’मध्ये त्यांनी तोच मार्ग पुढे नेला. कच्च्या रेखाटनातला जोर पक्क्या चित्रात हरवू द्यायचा नाही, या हट्टापायी काम अनेक वर्षे चालले. हट्ट महागडा होता, पण कागुया राजवाड्यातून धावत सुटते त्या प्रसंगात रेषाच फाटल्यासारखी होते, आणि तो परिणाम गुळगुळीत चित्रातून साधला नसता. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. ताकाहातांचा हा शेवटचा चित्रपट. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

उत्तर : १९९१ च्या ‘ओन्ली यस्टरडे’ने. त्यातील नायिका तायेकोच्या मोठेपणीच्या प्रसंगांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांवर चित्रे बेतली गेली. त्यामुळे ती हसते तेव्हा तिच्या गालांवरच्या रेषाही हलतात.