ट्राबझोनस्पोर इस्तंबूलचा नाही, मग तुर्की फुटबॉलच्या 'चार मोठ्यां'त तो कसा?

तुम्ही विचारलंय की गलातासराय, फेनरबाहचे आणि बेशिकताश हे तिघे इस्तंबूलचे, त्यांचं मोठेपण कळतं. पण काळ्या समुद्राकाठच्या एका मध्यम शहराचा क्लब त्यांच्या पंगतीला कसा बसला, आणि एवढा मोठा असेल तर मध्ये ३८ वर्षं लीग का जिंकला नाही?

पहिल्या भागाचं उत्तर नऊ हंगामांत आहे. १९७५-७६ ते १९८३-८४ या काळात ट्राबझोनस्पोर सहा वेळा पहिला आला आणि तीन वेळा दुसरा. तिसरा एकदाही नाही. त्याआधी, म्हणजे १९५९ साली राष्ट्रीय लीग सुरू झाल्यापासून, ट्रॉफी इस्तंबूलच्या बाहेर गेलेलीच नव्हती. एस्किशेहिरस्पोर तीनदा दुसरा येऊन तिथेच अडकला होता.

हा क्लब जन्माला आला तोच भांडणातून. साठच्या दशकात तुर्की फेडरेशनला व्यावसायिक फुटबॉल अनातोलियात, म्हणजे आशियाकडच्या तुर्कीत, पसरवायचा होता. तिचं धोरण असं की शहरातल्या छोट्या क्लबांनी एकत्र यावं, शहराच्या नावाचा एकच संघ करावा आणि दुसऱ्या श्रेणीत खेळावं. बुर्सास्पोर, सामसुनस्पोर, एस्किशेहिरस्पोर ही 'शहर + स्पोर' छापाची नावं त्याच काळातली. ट्राबझोनमध्ये मात्र इदमानोजाई आणि इदमानग्युजू या दोन क्लबांचं हाडवैर होतं. १९६६ साली विलीनीकरणाचा एक प्रयत्न झाला, त्यातून इदमानोजाई बाहेर राहिला आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं. अखेर २ ऑगस्ट १९६७ रोजी हे दोघे, शिवाय कारादेनिझग्युजू आणि मार्तीस्पोर, असे चार क्लब मिळून आजचा ट्राबझोनस्पोर झाला. रंग निवडताना दोन्ही मोठ्या घराण्यांचे रंग बाजूला ठेवले आणि गडद लाल व निळा घेतला. तुर्कीत त्याला 'बोर्दो-मावी' म्हणतात. कुणाचेच नसलेले रंग घेतले म्हणून ते सगळ्या शहराचे झाले, असं माझं मत.

पुढची सात वर्षं दुसऱ्या श्रेणीत गेली. १९७४ साली संघ वर आला, पहिल्याच हंगामात तुर्की कपच्या अंतिम फेरीत पोचला (तिथे बेशिकताशकडून हरला) आणि दुसऱ्या हंगामात थेट लीगच जिंकला. यामागे पैसा नव्हता. संघातली बहुतेक पोरं ट्राबझोन आणि आसपासची, लहानपणापासून एकमेकांसोबत किंवा एकमेकांविरुद्ध खेळलेली. प्रशिक्षकही घरचेच: अहमत सुआत ओझयाझिजी यांनी सहापैकी चार विजेतेपदं मिळवून दिली, उरलेली दोन ओझकान स्युमेर यांनी. त्यात इस्तंबूलहून रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर अंतर, सततचा पाऊस आणि अवनी आकेर मैदानावर अंगावर येणारं पब्लिक. पाहुण्यांच्या दृष्टीने एक गुण मिळाला तरी गंगेत घोडं न्हालं.

खेळ देखणा होता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर फारसा नाही. गोल खायचा नाही, हा पहिला नियम. १९७९-८० चं विजेतेपद त्यांनी ३० सामन्यांत फक्त २५ गोल करून मिळवलं आणि निम्मे सामने बरोबरीत सोडवले. अर्थात त्या हंगामात लीगभर गोलांचा दुष्काळच होता, सर्वाधिक गोल करणाऱ्या दोघांच्या नावावर प्रत्येकी १२ होते. गोलरक्षक शेनोल ग्युनेश ट्राबझोनचाच, आणि लीगमध्ये सलग १,११० मिनिटं गोल न खाण्याचा विक्रम त्याचा. म्हणजे बारा पूर्ण सामने आणि वर आणखी अर्धा तास. २००२ च्या विश्वचषकात तुर्कीला तिसऱ्या क्रमांकावर नेणारे प्रशिक्षक तेच.

युरोपात काय केलं, असं लोक विचारतात तेव्हा मी ऑक्टोबर १९७६ सांगतो. युरोपियन कपमध्ये (आजची चॅम्पियन्स लीग) लिव्हरपूल ट्राबझोनला आला आणि जेमिल उस्ताच्या पेनल्टीवर १-० हरून गेला. परतीच्या सामन्यात ॲनफिल्डवर ३-० ने हिशेब चुकता झाला, आणि त्याच हंगामात लिव्हरपूलने तो कप पहिल्यांदा जिंकला.

आता ३८ वर्षांचा दुष्काळ. लोक याला नशीब म्हणतात, मला त्यात तीन ठोस कारणं दिसतात. एक, १९८७-८८ पासून तुर्कीत विजयाला दोनऐवजी तीन गुण झाले. बरोबरी पदरात पाडून घेण्याचं गणित तिथेच बिघडलं. दोन, प्रक्षेपणाचा पैसा आला आणि त्याच्या वाटपात जुन्या विजेतेपदांनाही हिस्सा ठेवला गेला. ज्याच्याकडे ट्रॉफ्या जास्त त्याला पैसे जास्त, आणि ज्याला पैसे जास्त त्याला पुन्हा ट्रॉफी. तीन, इस्तंबूलशी बरोबरी करायला क्लबाने बाहेरचे महागडे खेळाडू आणायला सुरुवात केली आणि कर्ज चढत गेलं. त्याचं बिल २०२० साली आलं: आर्थिक नियम मोडल्याबद्दल युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्यांना एका हंगामासाठी युरोपबाहेर ठेवलं, तेही लीगमध्ये दुसरे आलेले असताना.

त्यातही दोनदा घास तोंडाशी आला होता. मे १९९६ मध्ये, हंगाम संपत आलेला, घरच्या मैदानावर फेनरबाहचे समोर. ट्राबझोनस्पोर १-० ने पुढे होता आणि २-१ ने हरला. शेवटी फेनरबाहचे ८४ गुण, ट्राबझोनस्पोर ८२. त्या सामन्याचा विषय आजही ट्राबझोनच्या चहाच्या टपरीवर जरा जपूनच काढावा.

दुसरी वेळ २०१०-११. समोर पुन्हा फेनरबाहचेच, दोघांचे ८२-८२ गुण. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण आपण इंग्लिश लीगच्या सवयीने एकूण गोलफरक बघतो. तुर्कीत गुण सारखे झाले की आधी त्या दोघांचे आपसातले सामने बघतात. ट्राबझोनस्पोर घरी ३-२ ने जिंकला होता, इस्तंबूलला २-० ने हरला होता. बेरीज ३-४, ट्रॉफी फेनरबाहचेची. त्याच जुलैत सामनेनिश्चितीची (मॅच-फिक्सिंगची) चौकशी सुरू झाली, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये फेनरबाहचेच्या जागी ट्राबझोनस्पोरला घेतलं. गंमत म्हणजे पात्रता फेरीत तो बेनफिकाकडून आधीच बाद झालेला! त्या मिळालेल्या जागेवर पहिल्याच सामन्यात त्यांनी मिलानमध्ये इंटरला १-० हरवलं. युएफाने पुढे, २०१३ साली, फेनरबाहचेवर युरोपीय स्पर्धांसाठी दोन हंगामांची बंदी घातली. तुर्कीतल्या न्यायालयांत मात्र फेरखटल्यानंतर आरोपी निर्दोष सुटले. लीगचं ते विजेतेपद कागदोपत्री फेनरबाहचेकडेच आहे. म्हणून अधिकृत यादीत ट्राबझोनस्पोरची विजेतेपदं सात दिसतील, आणि त्यांच्या चाहत्यांशी बोललात तर आठ ऐकू येतील.

सातवं आलं ३० एप्रिल २०२२ ला. प्रशिक्षक अब्दुल्ला आवजी, कर्णधार गोलरक्षक उगुरजान चाकिर, मधल्या फळीत बाकासेतास आणि हामशिक. घरी अंतालियास्पोरशी २-२ अशी बरोबरी झाली, तीन सामने बाकी असतानाच हिशेब मिटला आणि प्रेक्षक मैदानात उतरले. गाव काही रात्री झोपलंच नाही म्हणतात.

तोवर जुनं अवनी आकेर सुटलं होतं. २०१६-१७ च्या हंगामात क्लब आकयाझी भागातल्या, समुद्रात भराव घालून केलेल्या नव्या मैदानावर गेला. साधारण ४० हजारांची सोय, आणि संकुलाला नाव शेनोल ग्युनेशचं. तिथला सामना कधी बघितलात तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. ६१ व्या मिनिटाला, स्कोअर काहीही असो, अख्खं मैदान एकदम गर्जतं. तुर्कीत प्रांतांना वर्णानुक्रमे आकडे दिले तेव्हा ट्राबझोनच्या वाट्याला ६१ आला, आणि तिथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटची सुरुवात त्याच आकड्याने होते. योगायोग असा की ऑटोमन सुलतान दुसरा मेहमत याने हे शहर घेतलं ते सालही १४६१, आणि त्यावरून '१४६१ ट्राबझोन' नावाचा एक वेगळा क्लबही आहे. निकाल शोधताना त्या दोघांची सरमिसळ होऊ देऊ नका.