जेनेटिक्सचा अभ्यास गटाने करताना कोणती साधनं वापरावीत?

तुम्ही विचारलंय की चार-पाच जण मिळून जेनेटिक्सचा अभ्यास करताय, ड्राइव्हवर नोट्स भरपूर साठल्यात, पण गणितं आणि कॉम्प्युटरचा भाग अडतो. तर काय वापरावं?

नोट्स आता पुरे झाल्या. फोल्डरमध्ये सोडवलेली उदाहरणं टाका, सगळ्या पायऱ्यांसकट. जिथे अडलात तेही लिहा, कारण बाकीचेही बहुधा तिथेच अडतात.

सुरुवात मेंडेलच्या आकड्यांपासून करा: ५४७४ गोल वाटाणे, १८५० सुरकुतलेले. ३:१ प्रमाणाने ५४९३ आणि १८३१ अपेक्षित. काय-स्क्वेअर (मिळालेले आणि अपेक्षित आकडे किती वेगळे आहेत याचं माप) ०.२६ येतो, ३.८४ या मर्यादेपेक्षा खूपच कमी, म्हणजे आकडे ३:१ शी जुळतात. हे आधी वहीत करा, मग आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅममध्ये. आरला ३:१ हे प्रमाण सांगायचं राहिलं तर तो दोन्ही गट समसमान धरतो आणि उत्तर भलतंच येतं. हाताने केलेलं असेल तर ही चूक लगेच ध्यानात येते.

पुढे एकच जनुक धरून खोलात जा. मी एचबीबी सुचवेन, म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक. जेनबँक या डीएनए क्रमांच्या ऑनलाइन डेटाबेसमधून त्याचा क्रम उतरवा आणि सिकलसेलचा बदल शोधा: जीएजीच्या जागी जीटीजी, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पुस्तकात हा सहावा कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरं) म्हणतात, नव्या डेटाबेसमध्ये सातवा. सुरुवातीचं मेथिओनिन प्रथिनातून काढलं जातं, म्हणून जुन्या पद्धतीत ते मोजत नाहीत. यावर गटात अर्धा तास वाद झाला तरी तो सत्कारणी लागेल. मग तोच क्रम ब्लास्ट या सारखे क्रम शोधणाऱ्या साधनात टाकून इतर प्राण्यांत काय सापडतं ते बघा.

पायथन शिकायचं असेल तर रोझालिंड या जैवमाहितीशास्त्राच्या वेबसाइटवरचे प्रश्न क्रमाने सोडवा. पायथन लिहायला गूगल कोलॅब वापरा, ते ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे इन्स्टॉल करण्याची कटकट नाही. सिक्वेन्सिंगचा (डीएनएचा क्रम वाचून मिळालेला) मोठा डेटा असेल तर गॅलक्सी ही विश्लेषणाची वेबसाइट. तिथे कोड लिहावा लागत नाही.

एक्सेलपासून मात्र सांभाळून. सेप्ट२, मार्च१ अशा जनुकांच्या नावांच्या तो गुपचूप तारखा करतो. हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावंच बदललेली जाहीर झाली, पण जुन्या फाइलींमध्ये जुनीच नावं आहेत. नावांचा कॉलम आधी टेक्स्ट करा, आणि मूळ फाइलला कुणीही हात न लावता प्रतीवरच काम करा.