दुसरं मशीन कशासाठी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घरात चांगलं चालतं मशीन असताना दुसऱ्याचा विचार मनात येतो म्हणून तुला अपराधी वाटतंय, हे वाचून हातातली शिवण तशीच दाबाखाली ठेवली आणि लिहायला बसले. नेमाने शिवणाऱ्यांच्या, त्यातही गोधड्या शिवणाऱ्यांच्या घरात दोन-तीन मशिनं असणं अगदी नेहमीचं आहे. त्यात हौस असते, नाही असं नाही. पण बहुतेकांच्या घरी दुसरं मशीन येतं ते काम अडल्यावर येतं, आणि काम नेमकं कुठे अडतं ते तुला तुझ्याच कामातून दाखवता येईल.

तू मागे जीन्स शिवलीस ती आठव. आतली शिवण साध्या दोऱ्याने, ९० नंबरच्या सुईने, अडीच मिलिमीटरच्या टाक्याने. लगेच तिच्यावर बाहेरून दिसणारी टीप. तिला जाड दोरा, १०० नंबरची सुई, टाका साडेतीन-चार मिलिमीटर, आणि टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, नव्याने जुळवायचं. मग खिसा आला, परत साधा दोरा. खिशावर टीप आली, परत जाड. मी एकदा एका पँटसाठी मोजलं होतं. अकरा वेळा सगळं काढून परत ओवलं होतं. दर वेळी चिंधीवर चार बोटं टीप मारून बघायची, चिंधी उलटून खाली दोऱ्याचं जाळं होत नाही ना हे बघायचं. वेळ जातो तो जातोच. त्याहून वाईट म्हणजे कापडावर बसलेलं लक्ष उठतं. आठव्या-नवव्या वेळी चिंधीवर बघायचा कंटाळा येतो आणि नेमकी खिशाच्या कोपऱ्यावर, सगळ्यांच्या नजरेत येईल अशा जागी टीप बिघडते. जाड कापडावरची टीप उसवली तरी सुईची भोकं राहतात, हे तुला आता सांगायला नको.

शेजारच्या टेबलावर दुसरं साधंसं मशीन जाड दोरा ओवून तयार असतं, तर तुला फक्त खुर्ची सरकवावी लागली असती. मला दुसऱ्या मशीनचा अर्थ एवढाच वाटतो. एक मांडणी मोडल्याशिवाय दुसरी मांडता येणं. कोणी त्याला चैन म्हणालं तर म्हणू दे. दोन सुऱ्या, दोन कात्र्या आपण ठेवतोच. कापडाच्या कात्रीने कागद कापू नको, असं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

एकच मशीन सगळं करेल ही अपेक्षाच मुळात बरोबर नाही. शिवणयंत्राच्या जन्मापासून टाक्यांच्या जाती वेगळ्या आहेत. एलायस होवे यांनी १८४६ साली पेटंट घेतलं ते दोन दोऱ्यांच्या टाक्याचं. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात, तोच आपला रोजचा टाका. जेम्स गिब्ज यांनी १८५७ साली एका दोऱ्याच्या साखळी टाक्याचं पेटंट घेतलं. तो शेवटाकडून ओढला की सरसर उसवतो, म्हणून कच्च्या शिलाईला फार सोयीचा. पुढे ओव्हरलॉक आलं. त्यात तीन-चार दोरे असतात, बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकती, नसतेच, तिच्याऐवजी दोऱ्याचे फास घालणारे लूपर असतात, आणि शिवता शिवता कड कापणारं पातंही असतं. ही एकाच यंत्राची लहान-मोठी भावंडं नाहीत. प्रत्येकाचं पोट वेगळं आहे. टी-शर्टचं कापड साध्या सरळ टाक्याने शिवलंस आणि ओढलंस तर तटकन दोरा तुटतो, कारण त्या टाक्यात ताणायला शिल्लक दोराच नसतो. झिगझॅगने काम भागतं, पण ओव्हरलॉकची शिवण कापडाबरोबर ताणली जाते आणि परत जागेवर येते. हे दुसरं यंत्र ज्या कामासाठी जन्मलं तेच ते करतं. ओव्हरलॉकवर चेन बसवायला जाऊ नको, आणि त्यामुळे तुझं पहिलं मशीन निकामी झालं असंही समजू नको.

आता गोधडी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझा जीव तिच्यात आहे हे मला माहीत आहे, आणि माझाही.

गोधडीची दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. तुकडे जोडताना लहान कापड, दोनच थर, आणि काटेकोर माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड. थर शिवताना अख्खा पसारा, तीन थर, आणि हात मोकळा. पहिल्या कामाला मशीन छोटं असलं तरी चालतं, दुसऱ्याला ते मोठं हवं.

जोडणीची माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. अडीच इंचाचे आठ चौकोन ओळीने जोडलेस तर मध्ये सात शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत माया फक्त १ मिलिमीटर जास्त गेली, तर दोन्ही चौकोनांचा मिळून २ मिलिमीटर जातो. सात शिवणींचा १४. अर्ध्या इंचाहून जास्त! शेजारची ओळ दुसऱ्या मापाने शिवलेली असेल तर कोपरे कसे जुळायचे?

हे मी कागदावर नाही शिकले. एका मोठ्या गोधडीचे तीस ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, करायचे होते. बावीस झाले आणि सुई टाचणीवर आपटली. वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा हुक आणि सुई यांचा मेळ सुटला, टाका पडेचना. मशीन दुरुस्तीला गेलं ते तीन आठवडे आलं नाही. गोधडी ज्या बाळासाठी होती ते बाळ मात्र वेळेवर येणार होतं. उरलेले आठ ब्लॉक मी शेजारणीच्या मशीनवर शिवले. त्याचाही पाय पाव इंचाचाच, मी कडही तशीच धरली. ब्लॉक दिसायला सुरेख झाले. जमिनीवर मांडले तेव्हा ते आठही एकेक सूत लहान निघाले. सुई पायाच्या मधोमध असते असं आपण धरून चालतो, पण एका मशीनची केसभर डावीकडे असते, एकाची उजवीकडे. मी रात्री बसून आठही ब्लॉक उसवले. त्या दिवसापासून माझा नियम आहे. एका गोधडीची सगळी जोडणी एकाच मशीनवर. त्या मशीनच्या सुईखालच्या पाटीवर पाव इंचाची पट्टी चिकटवलेली आहे आणि ती काम संपेपर्यंत कोणी हलवत नाही.

म्हणजे दुसरं मशीन अडीअडचणीला हवंच, पण नुसतं घरात असून भागत नाही. त्याचं माप पहिल्याशी आधी ताडून ठेवावं लागतं.

जोडणीसाठी अनेकजणी जुनं, फक्त सरळ टाक्याचं मशीन का जपतात, तेही इथेच कळेल. झिगझॅगच्या मशीनच्या पाटीवर सुईसाठी आडवी फट असते. पातळ सुती कापडाचा कोपरा शिवणीच्या सुरुवातीलाच त्या फटीत ओढला जातो आणि कापड पुढे सरकवणारे दाते त्याचा चघळून चोथा करतात. सरळ टाक्याच्या मशीनला एवढंसं गोल भोक असतं. कापडाला आत जायला वावच नाही, म्हणून टाकाही नितळ पडतो. सिंगरचं १९३३ साली आलेलं २२१ नंबरचं फेदरवेट याच कामामुळे जगभरच्या गोधडीवाल्यांना आजही हवं असतं. ॲल्युमिनियमचं, जेमतेम ५ किलोचं, एका पेटीत बसणारं. त्याला सरळ टाका सोडून काही येत नाही, पण जे येतं ते फार सुंदर. उचलून वर्गाला न्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही. तू दर आठवड्याला तुझं जड मशीन जिन्यावरून वर-खाली नेतेस, तेव्हा मला तुझ्या पाठीची काळजी वाटते.

मग थर शिवायचे. सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांच्यामधली जागा तुझ्या मशीनला सात इंचांच्या आसपास असेल. ९० इंच रुंद गोधडीच्या मधोमध सुई न्यायची तर ४५ इंच कापड, भर आणि अस्तर यांची वळकटी त्या सात इंचांत कोंबायची आली. वळकटी खांबाला घासते, हात आखडतात, टाके एकीकडे बारीक, एकीकडे लांब पडतात. आपल्याला वाटतं आपला हात वाईट आहे. हात वाईट नसतो, त्याला जागा नसते. म्हणून ज्यांना भरपूर गोधड्या करायच्या असतात त्या रुंद गळ्याचं, फक्त सरळ टाक्याचं, वेगवान मशीन घेतात. त्याहून पुढे गेल्या तर चौकटीवरचं लाँगआर्म, ज्यात कापड ताणून स्थिर असतं आणि मशीनच त्याच्यावरून फिरतं. तुला ते आत्ता नको. खोली व्यापून टाकतं, आणि तुझ्या वर्षाला दोन गोधड्या होतात. लहान गोधडी तुझ्या मशीनवर छान होते. दाते खाली पाड, कापड हवं तसं फिरवू देणारा मोकळा पाय लाव आणि मधून कडेकडे जा.

भरतकामाच्या मशीनचं थोडक्यात सांगते. शिवण आणि भरत दोन्ही करणारं एकच घेऊ का, असं तू विचारलंस. भरताला लागलेलं मशीन तेवढा वेळ शिवणीला मिळत नाही. ४०,००० टाक्यांचं डिझाईन मिनिटाला ८०० टाक्यांनी चाललं तरी ५० मिनिटं, आणि रंग बदलण्याचा वेळ वेगळा. दुसरं शिवायचं मशीन शेजारी नसेल तर तू नुसती बघत बसशील.

घेण्याआधी एक कर. दोन महिने एक वही मशीनशेजारी ठेव. जेव्हा जेव्हा मांडणी मोडून दुसरी करावी लागेल, तेव्हा काय मोडलं आणि कशासाठी एवढंच लिही. सुई बदलली का, पाय बदलला का, दाते पाडले का, की मशीनच उचलून न्यावं लागलं? एकच कारण सारखं दिसायला लागलं तर त्या कारणासाठी मशीन घे. पहिल्याहून भारी मशीन घेण्याचा मोह होईल. माझ्या मते दुसरं मशीन पहिल्याहून वेगळं असावं, भारी असायची गरज नाही. कारणच सापडलं नाही तर चांगल्या सुया आणि चांगला दोरा घे. अर्ध्या तक्रारी बोथट सुईच्या असतात.

जुनं बघायला गेलीस तर स्वतःचं कापड घेऊन जा. आधी दोरा न घालता हाताने चाक फिरव. सगळीकडे सारखं फिरतं का, की एका जागी अडतं? नुसतं जड लागलं तर बहुधा वाळलेलं तेल असतं, साफ होतं. एकाच जागी खटकन अडलं तर विचार कर. मग सुती कापडाचे दोन थर शिव, जाड कापडाचे चार शिव, आणि टीप उलट बाजूने बघ. वायर तडकलेली असेल तर प्लग लावूच नको. आणि सगळ्यात आधी विचार की त्याची सुई आणि बॉबिन आज मिळते का. कारखान्यातलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नको. त्याला गोल दांड्याची सुई लागते, आपली चपट्या दांड्याची त्यात चालत नाही, आणि त्याचं स्वतःचं अवजड टेबल सोबत येतं.

बॉबिनींचं मात्र मनावर घे. दोन मशिनांच्या बॉबिनी दिसायला सारख्या असतात, उंचीत केसाचा फरक असतो, आणि चुकीची बसवली की खाली दोऱ्याचा गुंता होतो. डबे वेगळे ठेव. मी आणखी एक करते. काम थांबवताना प्रत्येक मशीनच्या पायाखाली एक चिंधी दाबून ठेवते आणि तिच्यावर आत असलेल्या सुईचा नंबर लिहिते. चार दिवसांनी परत बसलं तरी सुई भिंगातून बघावी लागत नाही.

किती मशिनं पुरेत, याचं माझं उत्तर तीन. चौथं माझ्याकडे होतं. वर्षभर त्याच्यावरचं झाकण निघालं नाही, तेल चिकट झालं, चाक फिरेना. साफ करून एका शिकणाऱ्या मुलीला दिलं. जे मशीन महिन्यातून एकदाही चालत नाही ते आपल्या घरी आजारी पडतं.

आत्याचं काळं हातमशीन तू माझ्याकडे पाहिलं आहेस. जड आहे, पण टाका मोत्यासारखा पडतो, आणि वीज गेली तरी चालतं. ते मी पुसून, तेल घालून ठेवते. दोन महिने तुझ्याकडे ठेव, त्यावर फक्त तुकडे जोड, आणि वही लिही. येताना तुझ्या मशीनची एक रिकामी बॉबिन घेऊन ये, म्हणजे दोन्हींचं जुळतं का ते कळेल. शिवाय अडीच इंचाचे सोळा चौकोन कापून आण. दोन्ही मशिनांवर आठ-आठची एकेक ओळ शिवू, इस्त्री करू आणि फूटपट्टी लावून मोजू.

तुझी,
काकू